गुपिताचे आयुष्य आणि क्वांटम संगणक

क्वांटम संगणकाविषयी मराठीत सध्या दोन विधाने वारंवार ऐकू येतात. एक असे, की हा संगणक आला की बँका, आधार, व्हॉट्सॲप, सगळे एका रात्रीत उघडे पडेल. दुसरे असे, की तो यायला अजून बराच अवकाश आहे, तेव्हाचे तेव्हा पाहू. वरवर ही विधाने परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात: यंत्र केव्हा येणार? सुरक्षेचा विचार करणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारू नये, असे माझे मत आहे. आपण जे जपतो आहोत ते किती वर्षे जपायचे आहे, आणि ते जपण्याची पद्धत बदलायला आपल्याला किती वर्षे लागतील, हे आधी ठरवावे लागते. यंत्राची तारीख त्यानंतर येते. हे पटायचे तर नेमके काय फुटते आणि काय फुटत नाही, इथून सुरुवात केली पाहिजे.

नेमके काय धोक्यात आहे

संगणकातील गुप्तलेखन दोन जातींचे असते. पहिल्या जातीत पाठवणारा आणि घेणारा यांच्याकडे एकच किल्ली असते. आज जगभर यासाठी एईएस ही पद्धत वापरतात, २००१ साली ती मानक झाली. ही पद्धत वेगवान आणि भक्कम आहे, पण तिच्यात एक जुनी अडचण उरते. ज्यांची कधी भेटच झालेली नाही अशा दोघांपर्यंत ती एक किल्ली पोचवायची कशी?

या अडचणीतून दुसरी जात जन्मली. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवले, की उघड्या वाहिनीवर बोलूनसुद्धा दोघांना एक गुपित ठरवता येते. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी आरएसए पद्धत रचली. तिच्यात प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात, एक जगजाहीर आणि एक खाजगी. जाहीर किल्लीने बंद केलेले फक्त खाजगी किल्लीने उघडते, आणि खाजगी किल्लीने केलेली डिजिटल स्वाक्षरी जाहीर किल्लीने कुणालाही पडताळता येते. बँकेचे संकेतस्थळ उघडले, की ब्राउझर पहिल्या क्षणी दुसऱ्या जातीची पद्धत वापरून समोरच्याची ओळख पटवतो आणि एक सामायिक किल्ली ठरवतो. पुढची सगळी देवाणघेवाण एईएसने होते. म्हणजे सार्वजनिक किल्लीचे काम आकाराने थोडे असले, तरी विश्वासाची सुरुवात तिथेच होते.

आरएसएचा आधार शाळेतल्या गणिताचा आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकार हाती देऊन मूळ संख्या शोधा म्हटले तर अवघड. आज वापरात असलेली २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीत ६१७ अंकी भरते. नेहमीच्या संगणकांनी आजवर जाहीरपणे अवयव पाडलेली या प्रकारची सर्वांत मोठी संख्या २५० अंकी आहे. ते काम फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण झाले, आणि एकाच प्रोसेसर-गाभ्यावर केले असते तर त्याला सुमारे २७०० वर्षे लागली असती. अंक वाढत जातील तसे हे काम भयंकर वेगाने अवघड होत जाते.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट सांगण्याची खात्रीची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली. संख्या मूळ नाही हे कळले, तरी तिचे अवयव कोणते हे मात्र त्यातून कळत नाही. अवयव पाडणे खरोखरच अवघड आहे हे आजवर कुणी सिद्ध केलेले नाही. सोपी रीत कुणाला सापडलेली नाही, इतक्याच भरवशावर जगाचा आर्थिक व्यवहार आजवर चालला आहे. १९८५ पासून पुढे आलेली एलिप्टिक कर्व्ह पद्धत थोड्या वेगळ्या गणितावर उभी आहे. तिला लहान किल्ली पुरते म्हणून मोबाइलमध्ये ती सर्रास असते. पण क्वांटम संगणकापुढे तिचीही गत आरएसएसारखीच होते.

शोर यांची रीत

१९९४ साली बेल लॅब्जमधील पीटर शोर यांनी क्वांटम संगणकावर अवयव पाडण्याची रीत मांडली. तिचे वर्णन बहुतेक ठिकाणी असे वाचायला मिळते, की क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, एकाच वेळी शून्य आणि एक असतो, त्यामुळे हा संगणक सगळी उत्तरे एकदम तपासून बरोबर तेवढे उचलतो. हे वर्णन चुकीचे आहे, आणि त्यातूनच क्वांटम संगणकाविषयीच्या बहुतेक अवाजवी भीती आणि अवाजवी आशा निघतात. म्हणून थोडे थांबून हे नीट पाहू.

२१ या संख्येचे अवयव शोधायचे आहेत असे समजा. २ चे घात घ्या आणि प्रत्येक घाताला २१ ने भागून बाकी लिहीत जा. २, ४, ८, १६, ११, १ अशा बाक्या येतात, आणि पुढे पुन्हा २, ४, ८ सुरू होते. सहा पावलांनी आवर्तन पूर्ण झाले. याचा अर्थ असा, की २ च्या सहाव्या घातातून १ वजा केले तर उरणाऱ्या ६३ ला २१ ने पूर्ण भाग जातो. आता सहाचे अर्धे तीन, आणि २ चा तिसरा घात ८. ६३ म्हणजे ८ उणे १ गुणिले ८ अधिक १, अर्थात ७ गुणिले ९. यांपैकी एकट्या ७ ला किंवा एकट्या ९ ला २१ ने भाग जात नाही. तेव्हा २१ चे अवयव या दोघांत वाटले गेले असले पाहिजेत. ७ आणि २१ यांचा मसावि ७, ९ आणि २१ यांचा मसावि ३. अवयव मिळाले. कधी आवर्तनाची लांबी विषम निघते किंवा मसाविमधून हाती काही लागत नाही. तेव्हा २ ऐवजी दुसरी संख्या घेऊन पुन्हा करायचे, थोड्याच प्रयत्नांत काम होते.

मसावि काढायची रीत युक्लिडपासून ठाऊक आहे आणि ती प्रचंड संख्यांनाही चटकन लागू पडते. खरी अडचण आवर्तनाची लांबी शोधण्यात आहे. ६१७ अंकी संख्येसाठी ही लांबीच शेकडो अंकी असू शकते. तेवढ्या बाक्या लिहून काढायला विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही. क्वांटम संगणक नेमके इथे, आणि फक्त इथे, कामी येतो.

पुंजयामिकीनुसार क्युबिटांच्या समूहाच्या प्रत्येक शक्य अवस्थेला एक आयाम असतो. हा आयाम धन असू शकतो, ऋणही असू शकतो. संभाव्यता कधी ऋण नसते, आयाम मात्र असतो, आणि सगळी किमया या फरकात आहे. शोर यांच्या रीतीत सगळ्या घातांच्या बाक्या अध्यारोपित अवस्थेत मांडल्या जातात हे खरे, पण तिथेच मोजणी केली तर हाती एकच कुठलीतरी बाकी येईल आणि बाकीचे सगळे नष्ट होईल. त्याने काही साधत नाही. म्हणून मोजण्याआधी त्या अवस्थेवर फुरिए रूपांतर केले जाते. आवर्तनाशी न जुळणाऱ्या अवस्थांचे आयाम परस्परांना छेदून शून्याकडे जातात, जुळणाऱ्यांचे आयाम वाढतात. प्रकाशाच्या व्यतिकरणात काळे-उजळ पट्टे दिसतात त्यामागे हेच तत्त्व आहे. आता मोजणी केली की जी संख्या येते तिच्यातून आवर्तनाची लांबी साध्या गणिताने काढता येते.

यातून निष्कर्ष असा निघतो, की क्वांटम संगणक सर्वच कामांत वेगवान नसतो. ज्या प्रश्नाच्या पोटात आवर्तनासारखी रचना दडलेली आहे आणि ती व्यतिकरणाने उघड करता येते, तिथेच त्याला अशी प्रचंड आघाडी मिळते. आरएसए, डिफी-हेलमन आणि एलिप्टिक कर्व्ह या तिन्हींच्या पोटात दुर्दैवाने ही रचना आहे. एईएसच्या पोटात ती आढळलेली नाही.

एईएसवर चालणारी रीत वेगळी आहे. आयआयटी दिल्लीत शिकलेले आणि पुढे बेल लॅब्जमध्येच असलेले लव ग्रोव्हर यांनी ती १९९६ मध्ये दिली. रचना नसलेल्या ढिगाऱ्यात एखादी वस्तू शोधायला जितके प्रयत्न लागतात, त्यांच्या वर्गमुळाइतक्या प्रयत्नांत ती सापडते. म्हणजे १२८ बिटांची किल्ली कागदावर ६४ बिटांइतकी होते. परंतु ग्रोव्हरची पावले एकामागून एकच टाकावी लागतात, शंभर यंत्रे लावली तर वेग जेमतेम दहापट होतो. किल्ली २५६ बिटांची केली की हा धोका व्यवहारात उरत नाही. पासवर्ड साठवायला वापरतात त्या हॅश पद्धतींनाही हेच लागू आहे. ‘क्वांटम संगणक सगळे पासवर्ड फोडेल’ हे वाक्य त्यामुळे निराधार ठरते.

यंत्र आज कुठे आहे

२००१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत सात क्युबिटांवर शोर यांची रीत चालवून १५ चे अवयव ३ आणि ५ काढले गेले. त्यानंतरच्या वर्षांत क्युबिट वाढले. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये ११२१ क्युबिटांची चिप दाखवली. तरीही अवयव पाडण्यात मोठी मजल मारली गेलेली नाही, याचे कारण चुका. उष्णता, विद्युतचुंबकीय खळबळ, शेजारच्या क्युबिटचा उपद्रव, कशानेही क्युबिटची अवस्था बिघडते. २०४८ बिटांच्या संख्येसाठी अब्जावधी क्रिया बिनचूक व्हाव्या लागतात. तेव्हा अनेक भौतिक क्युबिट एकत्र बांधून एक भरवशाचा तार्किक क्युबिट घडवावा लागतो.

असे बांधता येईल हे सिद्धांत सांगत होता, पण प्रत्यक्षात क्युबिट वाढवले की चुकाही वाढत असत. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्युबिटांच्या विलो चिपवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते म्हणूनच महत्त्वाचे आहेत. तीन बाय तीन, पाच बाय पाच, सात बाय सात अशा जाळ्या घेतल्या, तेव्हा जाळी मोठी होईल तशी चूक दर टप्प्याला निम्म्याहून थोडी कमी होत गेली. या चिपने काहीही फोडलेले नाही. मोठे यंत्र बांधण्याच्या वाटेवरचा एक तात्त्विक अडथळा मात्र तिने दूर केला.

दुसरी हालचाल यंत्राबाहेर, कागदावर चालली आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला किती भौतिक क्युबिट लागतील, याचा २०१२ मधला अंदाज १०० कोटींचा होता. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी तो २ कोटींवर आणला, वेळ आठ तास. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब मांडला. हजार क्रियांमागे एक चूक इतकी गुणवत्ता धरली तर १० लाखांहूनही कमी क्युबिटांत आठवड्याच्या आत काम होईल. तेरा वर्षांत गरज हजारपट घटली. आजची चिप आणि दहा लाख क्युबिट यांतली दरी अजून मोठी आहे, पण ती दोन्ही काठांकडून भरली जात आहे. केवळ यंत्राकडे पाहणाऱ्याला तिचा निम्माच वेग दिसतो.

उलट बाजूने, दिशाभूल करणाऱ्या बातम्याही आहेत. २०२४ मध्ये ‘चिनी शास्त्रज्ञांनी क्वांटम यंत्राने लष्करी दर्जाचे गुप्तलेखन फोडले’ अशा अर्थाचे मथळे जगभर झळकले. प्रत्यक्षात त्या संशोधनात २२ बिटांच्या संख्येचे अवयव पाडले होते. २२ बिटांत ४२ लाखांच्या आतली संख्या मावते, साध्या मोबाइललाही तिचे अवयव पाडायला क्षणही लागत नाही. असा मथळा दिसला की किती बिट आणि कोणती रीत, हे दोन प्रश्न विचारावेत.

भारतातले काम अजून पायाभरणीच्या टप्प्यावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १००० भौतिक क्युबिटांची यंत्रे घडवणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातली क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची आरंभापासून शेवटापर्यंत चाचणी पूर्ण केली. सहा हा आकडा लहान वाटतो, पण चिप घडवण्यापासून ती नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंतचे कौशल्य घरात असणे ही मोलाची गोष्ट आहे.

तीन कालावधी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मिकेले मोस्का यांनी एक साधी बेरीज सुचवली आहे. माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, हा पहिला कालावधी. नवे गुप्तलेखन बसवायला किती वर्षे लागतील, हा दुसरा. पुरेसा मोठा क्वांटम संगणक यायला किती वर्षे आहेत, हा तिसरा. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याहून जास्त झाली तर नुकसान अटळ आहे, कारण शत्रू आजच ते सांकेतिक संदेश टिपून ठेवू शकतो आणि यंत्र हाती येताच उघडू शकतो.

टिपून ठेवण्याची ही कल्पना कल्पनाविलास नाही. अमेरिकेने १९४३ मध्ये व्हेनोना हा प्रकल्प सुरू केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत हेरांनी पाठवलेल्या तारा साठवल्या गेल्या होत्या आणि त्या उलगडण्याचे काम १९८० पर्यंत चालले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या तारांतूनही नावे आणि दुवे हाती लागत होते. त्या काळी साठवायचे कागद होते. आज समुद्राखालच्या केबलमधून जाणारा मजकूर साठवणे त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

मोस्का यांची बेरीज वापरली की धोका सरसकट राहत नाही, त्याची वाटणी होते. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे. दहा वर्षांनी तो कुणाला कळला तरी काय बिघडते? यूपीआयच्या आजच्या व्यवहाराचा तपशीलही बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांत निरुपयोगी होतो. पण रुग्णाचा एचआयव्ही किंवा मनोविकाराचा अहवाल त्याच्या हयातीभर गुप्त राहायला हवा, आणि जनुकीय माहिती तर त्याच्या मुलांच्याही हयातीत. परराष्ट्र खात्याचे संदेश, संरक्षण सामग्रीचे आराखडे, पत्रकाराला माहिती देणाऱ्याची ओळख, बोटांचे ठसे, हे सगळे पंचवीस-तीस वर्षांच्या गटात येते. या गटासाठी क्वांटम संगणक २०३५ मध्ये आला काय किंवा २०४५ मध्ये आला काय, निर्णय आजच घ्यावा लागतो.

दुसरा कालावधी माणसे नेहमी कमी धरतात. डीईएस ही जुनी पद्धत १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या एका यंत्राने ५६ तासांत फोडून दाखवली. तिची जागा घेणारे एईएस मानक २००१ मध्ये आले. तरीही तिचेच तिपदरी रूप, ट्रिपल डीईएस, वापरातून काढायची अमेरिकेच्या मानक संस्थेची मुदत २०२३ अखेरची होती. एसएचए-१ या हॅश पद्धतीतील दोष २००५ मध्ये चिनी गणिती वांग शाओयुन आणि सहकाऱ्यांनी दाखवला. त्या दोषाचा प्रत्यक्ष पुरावा २०१७ मध्ये जगासमोर आला, आणि तोवर ती पद्धत असंख्य ठिकाणी तशीच चालू होती. एटीएम, वीजमीटर, रुग्णालयातील यंत्रे आणि सरकारी कार्यालयांतील आज्ञावली यांत बसलेले गुप्तलेखन कुणी हौसेने बदलत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा धोका याहून निराळा असतो, आणि दोन्ही एकत्र कालवल्यामुळे बराच गोंधळ होतो. स्वाक्षरीत लपवायचे काही नसते, म्हणून आज टिपून ठेवून उद्या उघडण्याचा प्रश्न तिथे येत नाही. जोवर यंत्र नाही तोवर स्वाक्षरी शाबूत आहे. पण यंत्र आल्यावर जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येईल, आणि मग जुन्या तारखेचे नवे दस्त तयार करता येतील. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. एखाद्या दाव्यात तीस वर्षांपूर्वीची, डिजिटल स्वाक्षरीची प्रत पुढे आली तर ती खरोखरच त्या तारखेची आहे हे न्यायालयाने कशावरून मानावे? यावर उपाय आहे. स्वाक्षरीची जुनी पद्धत शाबूत असतानाच सगळ्या साठ्यावर नव्या पद्धतीची कालमुद्रा उमटवायची, आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा उमटवायची. मात्र हे काम यंत्र येण्याआधीच करता येते. नंतर केलेल्या मुद्रेला पुरावा म्हणून किंमत राहत नाही.

नवी गणिते आणि त्यांची किंमत

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ मध्ये जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केले: क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या, पण आजच्या साध्या संगणकावर चालणाऱ्या पद्धती सुचवा. ६९ प्रस्ताव छाननीला पात्र ठरले. आठ वर्षांच्या तपासणीनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके जाहीर झाली. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए.

पहिल्या दोहोंमागचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीपर्यंत तरी समजेल. एकसामयिक समीकरणे दिली की चलांच्या किमती काढता येतात, चल शेकडो असले तरी रीत तीच. आता प्रत्येक समीकरणाच्या उजव्या बाजूत कुठे एक अधिक, कुठे दोन उणे अशी किरकोळ चूक मुद्दाम घाला. रीत तात्काळ कोसळते, कारण समीकरणे एकमेकांतून वजा करत गेलो की त्या चुका वाढत जाऊन उत्तर बुडवून टाकतात. ओडेड रेगेव्ह यांनी २००५ मध्ये या प्रश्नाची काठिण्यपातळी बहुमितीय जालकांतील प्रसिद्ध अवघड प्रश्नांशी जोडून दाखवली. शोर यांच्या रीतीला हवी असते तशी सोयीची आवर्तने इथे मिळत नाहीत. क्वांटम संगणकावरही हा प्रश्न झटपट सोडवण्याची रीत अद्याप कुणाला ठाऊक नाही.

‘ठाऊक नाही’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. याच स्पर्धेतली सायक नावाची पद्धत जुलै २०२२ पर्यंत आशादायक मानली जात होती. वाउटर कास्ट्रिक आणि टोमास डेक्रू या बेल्जियममधील दोघा संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात तिची किल्ली काढून दाखवली. क्वांटम यंत्राची गरजच पडली नाही. त्याच वर्षी रेनबो ही स्वाक्षरीची पद्धतही अशीच पडली. म्हणून सध्याची शहाणी चाल म्हणजे दुहेरी बांधणी: जुनी एलिप्टिक कर्व्ह आणि नवी एमएल-केईएम दोन्ही वापरून किल्ली ठरवायची, जेणेकरून शत्रूला दोन्ही फोडल्याशिवाय काही मिळू नये. क्रोम ब्राउझर २०२४ पासून असेच करतो. सिग्नलने सप्टेंबर २०२३ मध्ये, ॲपलने आयमेसेजमध्ये २०२४ मध्ये अशी दुहेरी व्यवस्था आणली. हा मजकूर वाचणाऱ्या अनेकांचा फोन त्यांच्या नकळत नवे गुप्तलेखन वापरतही असेल.

किल्ली ठरवण्याचे काम असे सुरळीत चालले आहे, स्वाक्षरीचे मात्र नाही, आणि त्याचे कारण आकार. आरएसएची २०४८ बिटांची स्वाक्षरी २५६ बाइटांत मावते. एमएल-डीएसएच्या सर्वांत लहान स्वाक्षरीला २४२० बाइट लागतात, मधल्या आकाराच्या स्वाक्षरीला ३३०९. केवळ हॅशवर विसंबणारी, आणि म्हणून सर्वांत निर्धास्त अशी एसएलएच-डीएसए तर लहानातल्या लहान रूपातही ७८५६ बाइट घेते. आता आधार कार्डावरचा क्यूआर कोड डोळ्यांसमोर आणा. त्यात नाव, पत्ता, छोटे छायाचित्र आणि डिजिटल स्वाक्षरी असते, आणि इंटरनेट नसतानाही तो तपासता येतो. क्यूआर कोडच्या सर्वांत मोठ्या प्रकारातसुद्धा जास्तीत जास्त २९५३ बाइट मावतात. एमएल-डीएसएची लहान स्वाक्षरी घातली तर बाकी सगळ्यासाठी उरतात ५३३ बाइट, मधली तर मावणारच नाही. फाल्कन ही निस्टने निवडलेली आणखी एक पद्धत साडेसहाशेहून थोड्या अधिक बाइटांत काम करते, पण ती सुरक्षितपणे राबवणे किचकट आहे. कागदावर छापलेल्या कोट्यवधी ओळखपत्रांचे काय करायचे, हा प्रश्न गणिताइतकाच छपाईचा, तपासणी-यंत्रांचा आणि पैशाचा आहे. त्याचा विचार करायला दहा वर्षे फार नाहीत.

क्वांटम संगणकाला क्वांटम दळणवळणानेच उत्तर द्यावे, असाही एक विचार आहे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी प्रकाशकणांवरून किल्ली पाठवण्याची कल्पना डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूच्या एका परिषदेत मांडली होती, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून लांब फायबरवर तिचे प्रात्यक्षिकही केले. लष्करी मुख्यालयांसारख्या ठरावीक टोकांमध्ये तिचा उपयोग होऊ शकतो. पण तिला खास उपकरणे लागतात, अंतराची मर्यादा असते, आणि समोरचा खरा कोण हे ओळखण्याचे काम ती करत नाही, त्यासाठी पुन्हा वेगळी व्यवस्था हवीच. कोट्यवधी मोबाइलच्या सुरक्षेचे उत्तर तिच्यात नाही. मर्यादित निधी कुठे घालावा असे विचारले, तर मी तो नव्या गणिती पद्धती बसवण्याच्या कामात घालायला सांगेन.

आता करायचे काय

निस्टने नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात २०४८ बिटांची आरएसए २०३० नंतर टाळावी आणि २०३५ नंतर तिला मनाई असावी, असे सुचवले आहे. भारतीय संस्थांवर हे बंधनकारक नाही, पण आपण वापरतो ती ब्राउझर, सर्व्हर आणि मोबाइलची आज्ञावली याच वेळापत्रकाने बदलणार आहे.

सहकारी बँक, महापालिका, विद्यापीठ, रुग्णालय, जिल्हाधिकारी कार्यालय, कुणीही असो, पहिले काम यादी करण्याचे आहे. आपल्याकडे गुप्तलेखन कुठे कुठे आहे, कोणत्या पद्धतीचे आहे, ते कोणत्या पुरवठादाराच्या हाती आहे, आणि त्यामागे जपलेल्या माहितीचे आयुष्य किती? बहुतेक संस्थांकडे ही यादी नसते. ती झाली की प्राधान्य आपोआप ठरते: दीर्घायुषी गुपिते आधी, मग दीर्घायुषी स्वाक्षऱ्या, मग उरलेले. दुसरे काम त्याहून सोपे आणि बिनखर्चाचे आहे. आज घेतलेले यंत्र किंवा आज्ञावली दहा-पंधरा वर्षे वापरात राहते. तेव्हा जे कुणी या वर्षी संगणक यंत्रणेची निविदा काढणार आहेत, त्यांनी तिच्यात दोन अटी घालाव्यात: निस्टची २०२४ ची मानके चालली पाहिजेत, आणि गुप्तलेखनाची पद्धत संपूर्ण यंत्रणा न बदलता बदलता आली पाहिजे.